माल्टात बोटीची एकच सहल करायची, तर कोणती निवडावी?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघं, आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा असे पाच दिवस माल्टाला येताय. हॉटेल स्लीमाला आहे. आईंना बोट लागते, बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, मुलाला पाण्यात डुंबायचंय. इंटरनेटवर ‘एका दिवसात तीन बेटं’पासून ‘सूर्यास्ताची फेरी’पर्यंत शंभर प्रकार दिसतात, त्यातली एकच सहल घ्यायची आहे, आणि ती आत्ताच आरक्षित करावी की इथे आल्यावर, हेही ठरत नाहीये.

एकच घ्यायची तर बंदराची घ्या. राजधानी वॅलेटाच्या दोन्ही अंगांना दोन मोठी बंदरं आहेत, त्यातलं पलीकडचं ते ग्रँड हार्बर. त्या दोन्ही बंदरांतून फिरवून आणणारी दीडेक तासाची बोट स्लीमाच्याच धक्क्यावरून सुटते. कोमिनो या छोट्या बेटाची दिवसभराची सहल मात्र आई-बाबांना घेऊन करू नका. मी माल्टातच राहते, उन्हाळाभर घरी कोणी ना कोणी पाहुणे असतात, आणि ‘उद्या कुठल्या बोटीने जायचं’ हा विषय रात्री जेवताना निघतोच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वाऱ्याबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. भूमध्य समुद्राला इथे भरती-ओहोटी नावापुरतीच आहे. कोकणात आपण होडीवाल्याला भरतीची वेळ विचारतो, इथे वाऱ्याची दिशा विचारायची. माल्टी लोकांची प्रत्येक वाऱ्याला स्वतंत्र नावं आहेत आणि धक्क्यावरचा कोणीही नावाडी तीच वापरतो. वर्षभर सगळ्यात जास्त वाहतो तो वायव्येचा मायिस्त्राल. तो सुटला की माल्टा आणि शेजारच्या गोझो बेटामधली खाडी उसळते आणि गोझोचा पश्चिम किनारा होड्यांसाठी बंद होतो. ईशान्येचा तो ग्रिगाल. स्लीमा, सेंट ज्युलियन्स, बुजिब्बा हा सगळा हॉटेलांचा किनारा त्याच्या थेट तोंडावर येतो, पण तो जास्त करून हिवाळ्यातला. संत पॉलचं जहाज इ.स. ६०च्या सुमारास याच वाऱ्याने माल्टाच्या खडकांवर आणून आपटलं, असं इथली परंपरा सांगते. आणि आग्नेयेचा श्लॉक, म्हणजे दमट, उकाड्याचा, आकाश पिवळट करणारा वारा. तो सुटला की दक्षिणेकडच्या ब्लू ग्रोटो या समुद्री गुहेच्या होड्या बंद.

याचा सरळ अर्थ असा, की एकाच दिवशी बेटाच्या एका बाजूला समुद्र खवळलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला तळ्यासारखा निवांत असतो. माल्टाचं मुख्य बेट जेमतेम २४६ चौरस किलोमीटरचं. बाजू बदलायला बसने तासभर पुरतो. म्हणून महिनाभर आधी घरी बसून एका विशिष्ट तारखेची, एका विशिष्ट गुहेची सहल पैसे भरून ठेवण्यात अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी फोनवर वाऱ्याचा अंदाज बघायचा आणि मग ठरवायचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बहुतेक दिवस शांत असतात आणि पाणी वर्षातलं जवळजवळ सगळ्यात उबदार असतं, त्यामुळे जागा नाही मिळाली अशी भीती बाळगू नका. ऑगस्टच्या मध्याला, १५ तारखेच्या सांता मारियाच्या सणाच्या आसपास, खरी झुंबड असते. तुम्ही येईपर्यंत ती ओसरलेली असेल.

बंदराची फेरी या सगळ्यातून सुटते, कारण ती बहुतेक वेळ तटांच्या आड चालते. एकच छोटा टप्पा उघड्या समुद्राचा आहे, वॅलेटाच्या टोकावरच्या सेंट एल्मो किल्ल्याला वळसा घालण्याचा. तिथे काही मिनिटं बोट डोलते, तेवढंच. आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

आणि ही फेरी केवळ आईंच्या सोयीची म्हणून सुचवत नाहीये. माझ्या मते माल्टात पाहण्यासारखं जे सगळ्यात मोठं आहे, ते पाण्यावरूनच नीट दिसतं. जंजिरा जसा राजापुरीहून होडीने जवळ जातानाच कळतो, तसंच इथलं आहे. हे किल्ले समुद्राकडून येणाऱ्या माणसाला धाक बसावा म्हणूनच बांधलेत. वॅलेटात रस्त्यावरून चाललात तर एक सुंदर जुनं शहर दिसतं. त्याच्या पायथ्याशी बोटीतून गेलात की वर बघताना मान दुखते, इतके ते पिवळसर दगडी तट उंच आहेत, आणि खालचा कितीतरी भाग बांधलेला नसून जिवंत खडकच तासून काढलेला आहे, हे हातभर अंतरावरून दिसतं.

फेरीत काय येतं ते थोडं सांगते, म्हणजे बाबांना आधी वाचून ठेवता येईल. स्लीमाहून निघालं की लगेच मॅनोएल बेटावरचा किल्ला लागतो, १७२३ मध्ये बांधायला घेतलेला. त्याच बेटावर लाझारेत्तो आहे. प्लेगच्या प्रदेशातून आलेल्या जहाजांवरची माणसं आणि माल तिथे विलग ठेवत. मग सेंट एल्मो. १५६५ च्या वेढ्यात उस्मानी सैन्याने पहिला घाव घातला तो याच किल्ल्यावर. तेव्हा वॅलेटा नव्हतंच, होता तो उघडाबोडका डोंगर, आणि त्या उंचावर तोफा चढवून तुर्कांनी खालचा हा बुटका किल्ला महिनाभर भाजून काढला. जूनच्या २३ तारखेला तो पडला. पण त्या महिन्यात समोरच्या सेंट अँजेलो किल्ल्याला आणि बिर्गू गावाला तयारीला वेळ मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये वेढा उठला. पुढच्याच वर्षी, १५६६ ला, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी त्याच डोंगरावर नवं शहर वसवायला घेतलं. बोट बंदराच्या मुखाशी आली की डावीउजवीकडे बघा. एल्मो, अँजेलो आणि तो डोंगर या तिघांमधलं अंतर एका नजरेत येतं, आणि वेढा का तसा लढला गेला हे आपोआप उलगडतं. पुस्तकातला नकाशा वाचून मला ते कधी नीट उमगलं नव्हतं.

तिथेच लाटा अडवणारा लांब दगडी बांध आहे. त्याच्या किनाऱ्याकडच्या टोकाला लोखंडी पूल दिसेल. मूळचा पूल जुलै १९४१ मध्ये इटालियन नौदलाच्या स्फोटक नौकांच्या हल्ल्यात कोसळला, आत्ताचा नवा आहे. दुसऱ्या महायुद्धात कोंडी झालेल्या माल्टासाठी रसद आणणाऱ्या ताफ्यातलं ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज १५ ऑगस्ट १९४२ ला याच मुखातून आत आलं. बॉम्बहल्ल्यांनी त्याचा कणा मोडला होता. दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून, बुडू न देता, त्याला बंदरात ओढत आणलं गेलं. त्या तेलावर बेट तगलं. सांता मारियाच्या दिवशीच ते पोचलं, म्हणून माल्टी म्हाताऱ्यांच्या तोंडी त्या ताफ्याला सांता मारियाचंच नाव आहे.

मुंबईशीही या बंदराचा संबंध आला आहे. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होईल या शक्यतेने ब्रिटिशांनी हिंदी पलटणी जहाजांत घालून मुंबईहून थेट माल्टाला आणल्या. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. युद्ध झालं नाही आणि फौज परतली. पण आपल्याकडच्या शिपायांनी या तटांकडे पहिल्यांदा पाहिलं असेल ते बोटीतूनच. मी त्या धक्क्यांवरून जाते तेव्हा मला हे हटकून आठवतं.

वेळ कोणती घ्यावी? वॅलेटाचे ग्रँड हार्बरकडचे तट सकाळच्या उन्हात उजळतात, समोरची तीन जुनी गावं, बिर्गू, सेंग्लिया आणि कॉस्पिकुआ, दुपारनंतरच्या. सप्टेंबरातही ऊन चांगलंच चटका देतं, त्यामुळे आई-बाबांसाठी मी दुपारी चारच्या पुढची फेरी निवडेन. छताखालची जागा धरा. बाजूची चिंता करू नका, येताना दुसरी बाजू दिसते. सेंग्लियाच्या टोकावर एक दगडी टेहळणी-मनोरा आहे, त्यावर डोळा आणि कान कोरलेत. तो शोधण्याचं काम मुलाकडे द्या.

तुमच्या तारखांत ८ सप्टेंबर येत असेल, तर त्या दुपारी वॅलेटाच्या तटावर किंवा सेंग्लियाच्या धक्क्यावर जाऊन बसाच. त्या दिवशी ग्रँड हार्बरमध्ये होड्यांच्या शर्यती असतात. बंदराकाठच्या गावांचे संघ पारंपरिक होड्या वल्हवतात आणि सगळं गाव काठावर घसा फोडत असतं. फुकट आहे आणि बोट लागण्याचा प्रश्नच नाही. फेरीबोटींच्या वेळा मात्र त्या दिवशी आधी विचारून घ्या.

आता मुलाचं डुंबणं. त्यासाठी लोक ब्लू लगूनला धावतात. कोमिनो आणि शेजारचं चिमुकलं कोमिनोत्तो यांच्यामधली ती उथळ, पांढऱ्या वाळूची खाडी. पाण्याचा रंग फोटोत दिसतो तसाच आहे, त्यात फसवणूक नाही. पण फोटोत न दिसणाऱ्याही काही गोष्टी आहेत. वाळूचा किनारा म्हणजे दोन-चार सतरंज्यांएवढा तुकडा, बाकी सगळा उतरता खडक. झाड नाही, सावली जवळजवळ नाहीच. बोटीतून उतरून खडकावरच्या अरुंद वाटेने, ओल्या पायांच्या गर्दीतून जायचं. गुडघेदुखीच्या माणसाला तिथे चार तास काढायला लावणं मला बरोबर वाटत नाही. गर्दी इतकी वाढली होती, की २०२५ च्या मे महिन्यापासून सरकारने तिथे उतरणाऱ्यांसाठी आगाऊ नोंदणी सुरू केली. नोंदणी फुकट आहे, पण वेळ निवडावी लागते आणि तिथे गेल्यावर मनगटावर पट्टी बांधतात. बोटीचं तिकीट काढण्याआधी ‘नोंदणी तुम्ही करता की आम्ही करायची’ हे विचारा. नियम दर हंगामात थोडेफार बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

जायचंच असेल तर तुमच्यापैकी एकाने मुलाला घेऊन जावं, आणि स्लीमाहून नव्हे. स्लीमाहून मोठी बोट निघाली की नुसतं पोचायलाच बराच वेळ जातो, कारण वाटेत सगळा ईशान्य किनारा पालथा घालायचा असतो. त्याऐवजी २२२ नंबरची बस पकडून चिरकेव्वाला जा. तिथून छोट्या बोटी कोमिनोला थोड्याच वेळात सोडतात, आणि दिवसभरात फेऱ्या असल्याने कंटाळा आला की परत येता येतं. सकाळी पहिल्या बोटींपैकी एखादी घ्या. साडेदहा-अकराला मोठ्या बोटी माणसं ओतायला लागतात, त्याआधीचे दोन तास तिथे खरे सुखाचे. मुलाच्या पायात रबरी बूट हवेतच, खडक धारदार आहेत. आणि पाण्यात शिरण्याआधी दोन मिनिटं काठावर उभं राहून जांभळट जेलीफिश आहेत का ते बघा. त्यांचा डंख मुलांना फार झोंबतो.

पण खरं सांगू का? आठ वर्षांच्या मुलासाठी मी त्याच २२२ बसच्या वाटेवरच्या मेल्लीहाच्या समुद्रकिनाऱ्याला उतरेन. रुंद वाळू, दूरवर कमरेएवढं पाणी, आणि आई-बाबांना भाड्याच्या छत्रीखाली खुर्चीवर बसता येतं. तिथे सगळे जण एकत्र असता. सुट्टीत हेही महत्त्वाचं.

ब्लू ग्रोटोचं थोडक्यात. वॅलेटाहून ७४ नंबरची बस, वीद इझ-झुरीला उतरायचं, तिथल्या अरुंद खाचेतून छोट्या उघड्या होड्या सुटतात. एका होडीत आठ-नऊ माणसं, वीस-पंचवीस मिनिटांची फेरी, माणशी दहा युरोच्या आसपास. आगाऊ आरक्षणाची गरज नाही आणि समुद्र शांत नसेल तर होड्या सुटतच नाहीत. हे सकाळीच करायचं, कारण ऊन तिरपं आत शिरतं तेव्हाच पाणी पेटतं. नावाडी गुहेच्या तोंडाशी इंजिन मंद करतो, होडी आत घेतो, आणि खालच्या पांढऱ्या तळावरून उलटून आलेला उजेड पाण्यातून वर येतो. हात बुडवला तर बोटं निळी दिसतात, आणि छतावर त्याच निळ्या रंगाच्या रेषा हलत असतात. मुलाला हे फार आवडेल. बाबांसाठी अडचण एकच: धक्क्यावरून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. नावाडी कोपराला धरून उतरवतात, पण गुडघा वाकवावाच लागतो. बाबांनी वरच्या रस्त्यावरून, कठड्याजवळून, गुहेची कमान आणि समोरचं फिल्फ्ला बेट पाहावं. तिथून दृश्य काही कमी नाही.

‘तीन बेटं एका दिवसात’ या सहलीवर मात्र माझा राग आहे. सात-आठ तासांतले निम्मे प्रवासात जातात, गोझोवर दोनेक तास मिळतात आणि त्यातही बसमध्ये बसवून एक-दोन ठिकाणं दाखवतात. गोझो हे पूर्ण दिवस द्यावा असं बेट आहे, आणि तिथे जायला सहलीची गरजच नाही. चिरकेव्वाहून सरकारी फेरी पंचवीस मिनिटांत गोझोच्या मजार बंदरात नेते. पायी प्रवाशाचं तिकीट पाच युरोंच्याही आत, आणि ते परत येताना काढायचं असतं, जाताना कोणी विचारत नाही. बोट मोठी, गाड्या वाहून नेणारी, आत बसायला नीट खुर्च्या, स्वच्छतागृह, चहा-कॉफी. वाटेत कोमिनो अगदी जवळून जातं आणि १६१८ चा चौकोनी बुरूज स्वच्छ दिसतो. आईंना ही बोट सहसा लागणार नाही. ज्यांना कोमिनो ‘पाहायचं’ आहे पण तिथे उतरायचं नाही, त्यांचं काम या फेरीत होऊन जातं.

गोझोला गेलात तर पश्चिमेच्या द्वेय्राला जा. तिथे आत एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे, ते सुमारे ८० मीटर लांबीच्या नैसर्गिक बोगद्याने समुद्राला जोडलेलं. छोट्या होड्या त्या बोगद्यातून बाहेर नेऊन कड्यांखाली फिरवतात. आत अंधार, मग पाण्यालगतच्या खडकावर नारिंगी थर, आणि एकदम उघडा समुद्र. पंधरा-वीस मिनिटांची, काही युरोंची ही फेरी मला अनेक महागड्या सहलींपेक्षा जास्त आवडते. मात्र एक लक्षात ठेवा: तिथली जगप्रसिद्ध दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. अजूनही कोणी तिचा फोटो लावून सहल विकत असेल, तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

टपरीवर कुठलंही तिकीट काढताना मी काय विचारते ते सांगते. वारा सुटून बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की नुसती दुसरी तारीख? पाच दिवसांसाठी आलेल्याला दुसऱ्या तारखेचा उपयोग नाही. सावलीत किती जण बसू शकतात? बोटीवर स्वच्छतागृह आहे का? पाण्यात उतरायला शिडी कशी आहे? ‘गुहा दाखवतो’ म्हणजे ही बोट आत जाते की लांबून दाखवते? मोठ्या बोटी आत जाऊ शकत नाहीत, त्या समोर थांबतात किंवा छोट्या होडीत बसवतात आणि कधीकधी तिचे वेगळे पैसे असतात. परत कुठे सोडणार? यातल्या दोन प्रश्नांनाही धड उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या टपरीवर जा, रांगेत भरपूर आहेत. वेगवान रबरी बोटी तरुणांसाठी छान, पण त्या लाटांवर आपटत जातात. पाठीचा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्याने त्यात बसू नये.

आईंसाठी: बोट लागू नये म्हणून घरी जी गोळी चालते ती भारतातूनच आणा आणि निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, मळमळायला लागल्यावर नाही. उपाशीपोटी चढू नये, तळकटही खाऊ नये. बोटीच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या मजल्यावर हवेशीर जागी बसावं आणि नजर दूर किनाऱ्यावर ठेवावी. फोनमध्ये बघणं पूर्ण बंद.

बाबांना वॅलेटाला न्यायचं तर ग्रँड हार्बरच्या बाजूने न्या. तिथे तटाच्या पायथ्यापासून वरच्या बाराक्का बागेपर्यंत ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, चढ वाचतो. त्याच धक्क्यावरून तीन गावांकडे जाणारी फेरी सुटते, आणि शेजारी दायसा म्हणतात त्या रंगीत, दोन्ही टोकं उंच असलेल्या होड्याही उभ्या असतात. बाबांना जमत असेल तर एका दिशेने दायसा घ्या, भाडं किरकोळ आहे.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर दिवसभराच्या सहलींतल्या जेवणावर विसंबू नका, पास्ता आणि कोशिंबिरीपलीकडे फारसं हाती लागत नाही. पास्तित्सी सगळीकडे मिळतात, आत रिकोटा चीज किंवा वाटाणा असतो. पण कणकेत कुठली चरबी वापरलीय ते कट्टर शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावं.

नक्की तारखा आणि हॉटेल स्लीमाच्या कोणत्या टोकाला आहे ते कळवलंत, तर २२२ चा जवळचा थांबा सांगते, आणि आदल्या दिवशी इथेच विचारलंत तर वारा कुठला सुटलाय तेही.